पर्मिएटवाले सर

ताडकळसला आम्ही ज्यांच्या घरात भाड्याने राहत होतो ते सर आमच्याशी बहुतेक वेळा भिंतीवरून बोलायचे. भिंत म्हणजे अंगणातली नव्हे, घरातलीच. सरांनी आपल्या लांबट, पत्र्याच्या घराचे तीन भाग केले होते, पण मधल्या दोन भिंती वरपर्यंत नेल्याच नव्हत्या. भिंत जिथे संपायची आणि पत्रे जिथे सुरू व्हायचे त्यांच्यामध्ये हातभर फट होती. एका टोकाला सर आणि काकू, दुसऱ्या टोकाला मी, माझ्या सासूबाई आणि वर्षाची मुलगी, आणि मधल्या भागात एका भुसार व्यापाऱ्याची हरभऱ्याची पोती. नवरा नांदेडला नोकरीला, शनिवारी यायचा. मी गावातल्या हायस्कुलात गणित शिकवायचे. दारं तीन, कुलपं तीन, पण वरून सगळा एकच कारभार होता. मी कढईत मेथी टाकली रे टाकली की पोत्यांच्या पलीकडून खणखणीत आवाज यायचा.

"मॅडम, द स्मेल ऑफ मेथी हॅज पर्मिएटेड द होल हाऊस."

त्यामागोमाग काकूंचा आवाज. "अवं, करू द्या की त्यान्ला सैपाक."

पहिले काही दिवस मला याचा इतका संताप यायचा की मी मेथी आणणंच बंद केलं. माझ्या घरात काय शिजतं याची इंग्रजीतून दवंडी पिटायचा अधिकार या माणसाला कुणी दिला? मग लक्षात आलं की मेथी बंद केली तर वांग्याची दवंडी पिटली जाते. भिंत वरपर्यंत बांधून घ्या असं मी दोनदा सुचवलं. सरांचं उत्तर एकच. "मग बोलायचं कसं?"

आज मुलगी शाळेत जाते, माझ्याशी तावातावाने भांडते, आणि मी परभणीत दुसऱ्या मजल्यावर, छतापर्यंत गेलेल्या भिंतींत राहते. त्यामुळे हे सगळं आता मजेत सांगता येतं. पण सरांची आठवण निघाली की मी आधी एक मोठा श्वास घेते आणि मग बोलायला लागते. ही सवय मला लागली ती त्यांच्यामुळेच.

सर उंच आणि वाळलेले. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, पांढरा शर्ट कायम पँटमध्ये खोचलेला, आणि पायात मात्र शेतातली रबरी चप्पल. सगळी नोकरी इंग्रजी शिकवण्यात गेली होती आणि निवृत्तीचा कागद हातात आल्यावर त्यांनी तो नुसता ठेवून दिला. शिकवणं काही थांबलं नाही. फक्त वर्ग बदलला. आता वर्गात काकू होत्या, आम्ही होतो, पिठाच्या गिरणीचा मालक होता, आणि दारावरून जाणारा कुणीही.

शब्दाचा अर्थ सांगायचा नाही, हा त्यांचा नियम. विचारणाऱ्याने "सर, याचा मीनिंग काय?" असं म्हटलं की ते चिडायचे.

"मीनिंग घेऊन काय करतू? सायकलचं मीनिंग सांगितल्यावर सायकल चालवता येती का? वापर कर. पड. गुडघे फोडून घे. मग येतंय."

म्हणून ते एकेक शब्द वापरायला काढायचे. एखादा पाहुणा यावा तसा तो शब्द त्यांच्याकडे महिना-महिना मुक्कामाला असायचा आणि तो उठून जाईपर्यंत घरच्यांना आणि दारच्यांना सुटका नसायची. 'रिलक्टंट' होता तेव्हा तो मुख्यत्वे त्यांच्या स्कूटरवर चालला. स्कूटर सकाळी लवकर सुरू व्हायची नाही आणि सर किका मारत मारत सगळ्या गल्लीला तिच्या मनाची अवस्था सांगायचे. 'पोस्टपोन' आला तेव्हा सरांनी तो इतक्या मनापासून वापरला की त्यांनी दळण पोस्टपोन केलं, गॅसचा नंबर लावणं पोस्टपोन केलं, मेहुण्याच्या गावचं लग्न पोस्टपोन केलं. लग्न झालं, सर पोचले नाहीत. काकूंनी तो शब्द त्याच संध्याकाळी घराबाहेर काढला. गावही काही कमी नव्हतं. जो शब्द चालू असेल त्याच्या नावाने सरांना ओळखायचं. मी तिथे गेले तेव्हा ते पर्मिएटवाले सर होते आणि पुढे तेच नाव राहिलं, कारण त्यानंतर त्यांनी दुसरा शब्द आणलाच नाही.

हा शब्द आला कसा, तेही ऐकण्यासारखं आहे. त्यांची एक जुनी विद्यार्थिनी कुठल्याशा परीक्षेची तयारी करत होती. तिने फोन करून विचारलं की स्प्रेड आणि पर्मिएट यात फरक काय. सर नेमके जेवायला बसलेले, तोंडात घास. ते बोलून गेले, "दोन्हीबी पसरणेच." फोन ठेवला आणि घास गिळवेना. आयुष्यभर पाळलेला नियम मोडला होता आणि वर उत्तरही चुकीचं दिलं होतं. काकू सांगतात, त्या दिवशी ताट तसंच राहिलं. दुसऱ्या दिवसापासून शब्दाचं काम सुरू झालं.

त्याचा मोठा प्रयोग माझ्याच शाळेत झाला. आमच्या मुख्याध्यापकांनी सरांना नववीच्या वर्गावर पाहुणे म्हणून बोलावलं आणि बोलावण्याचा निरोप माझ्या हाती दिला. सर आले ते खिशात लोबानाची पुडी घेऊन. मुलांना म्हणाले, "कुणी बोलायचं न्हाई. वास आला की हात वर करायचा." मग वर्गाला लागून असलेल्या शिक्षकांच्या खोलीत जाऊन त्यांनी निखाऱ्यावर लोबान टाकला आणि दार ओढून घेतलं. आधी भिंतीकडच्या रांगेतले हात वर गेले. मग मधले. मग खिडकीकडचे. मागच्या बाकावरचा एक हात वर जाईना, कारण त्याला सर्दी होती. शेवटी पलीकडच्या आठवीच्या वर्गातून आरडाओरडा सुरू झाला आणि मुख्याध्यापक पाण्याची बादली घेऊन धावत आले, त्यांना वाटलं कागदपत्रं पेटली.

सर शांतपणे फळ्यापाशी उभे. "आता सांगा. ह्ये स्प्रेड झालं का?"

"हो सर," वर्ग एका सुरात.

"न्हाई. स्प्रेड म्हणजे सतरंजी. वरवर. हातरता येती आन् घडीबी घालता येती. आता ह्यो वास घडी घालून मला परत द्या बरं. न्हाई येत? मग ह्येला पर्मिएट म्हणायचं. आत शिरलेलं. माघारी न येणारं."

एका मुलीने धीर करून वाक्य केलं, "द स्मोक पर्मिएटेड थ्रू द वॉल." सरांनी तिला शाबासकी दिली, पण त्यातला थ्रू मात्र बोटाने हवेतच पुसला. चालतो, म्हणाले, चूक नाही. पण ज्या शब्दाच्या पोटातच आरपार आहे त्याला मागून आणखी शेपूट कशाला लावायचं? शिक्षकांच्या खोलीतल्या आमच्या साड्यांना आणि हजेरीपटांना पुढचे कितीतरी दिवस लोबानाचा वास येत होता. माझ्याशी सहकारी जरा तुटकच वागत होते.

माझ्या सासूबाई राणीसावरगावच्या. त्यांचं आणि सरांचं वेगळंच सूत जमलं होतं. सर त्यांना ताई म्हणायचे. नवरा घरी नसेल तेव्हा सर आमचा उंबरा कधीही ओलांडत नसत, ओट्याच्या पायरीशी उभे राहून बोलत. त्या कैरीचं लोणचं घालत होत्या तेव्हा हे पायरीशी उभे.

"ताई, ह्येच्यात मीठ काय करायलंय?"

"काय करंल? मुरंल."

"आन् पाणी भिंतीत गेलं तर?"

"झिरपतंय."

"मोगऱ्याचा वास घरात आला तर?"

"दरवळतोय. सर, तुमाला काय कामधंदा न्हाई का?"

"आन् साप चावला तर इख?"

"भिनतंय. वंगाळ बोलू नका लोणच्यापाशी."

सरांचा चेहरा उजळला. मला म्हणाले, "बघा मॅडम, इंग्रज बिचारा गरीब. ह्या सगळ्याला एकाच शब्दात भागवायलाय."

सासूबाईंनी बरणीवर फडकं बांधलं आणि विचारलं, "मग त्या शब्दात बरं शिरलं का वाईट शिरलं, ते कसं कळावं मान्साला?"

सर तो प्रश्न घेऊनच पायरीवरून परतले. मराठीत दरवळ म्हटलं की माणूस निर्धास्त होतो आणि भिनणं म्हटलं की घाबरतो. इंग्रजी शब्द काहीच सांगत नाही. त्याची नियत कळत नाही, असं ते पुढे कितीतरी दिवस म्हणत होते. काकूंना, गिरणीवाल्याला, अगदी बसची वाट बघणाऱ्या अनोळखी बाईलाही. तिने जागा बदलली.

त्यांच्यासोबत राहायचं म्हणजे डोक्याला ताप होता, यात वादच नाही. अत्तर लावून कुणी लग्नाला निघालं की हे अडवणार. कुणाच्या घरी बातमी पसरली की ती स्प्रेड झाली की पर्मिएट, यावर चर्चा. एकदा गल्लीत कुणाचं तरी निधन झालं आणि तिथेही हे हळूच मला म्हणाले, "मॅडम, दुःखाला दोन्ही चालतंय का वो?" मी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते चपला घालून निघाले. लोक त्यांच्या तोंडून तो शब्द यायला लागला की मान डोलवून पुढे चालू लागत. सरांनी हाक मारली तर ऐकू न आल्यासारखं करायचं, ही गावाची रीतच झाली होती, आणि मीही त्यात मागे नव्हते.

त्यामुळे त्या श्रावणी सोमवारी काय झालं ते नीट सांगायला हवं.

श्रावणातल्या सोमवारी शाळा अर्धी असते. मी दुपारी घरी आले. बाहेर कितीतरी दिवसांपासून पावसाची भुरभुर चालली होती, दारं-खिडक्या लावलेल्या. मुलीला सकाळी उलटी झाली होती आणि ती दिवसभर किरकिर करून आत्ता कुठे झोळीत झोपली होती. "दात यायलेत," सासूबाई म्हणाल्या. त्यांचं डोकं दुखत होतं, ते उपासाने. थोड्या वेळात माझंही दुखायला लागलं, तेही उपासानेच. घरातल्या प्रत्येक दुखण्याला कारण तयार होतं.

आणि घरात लसणाचा वास येत होता. अगदी खमंग नाही, जरा उग्र, पण लसूणच.

सासूबाईंनी वरच्या फटीकडे बोट दाखवलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "सकाळपासून लसूण परतायलेत. सोमवार हाय. आन् कपाळाला भस्म."

सरांच्या घरात श्रावण लागला की कांदा-लसूण बंद. आमच्याही. ते लिंगायत, आमचा सोमवार कडक. लोबान लावून मुलांना शिकवणारा माणूस स्वतःच्या स्वयंपाकघरात असं करतो, याचं मलाही नवल वाटलं. पण घरमालक तो. मी म्हटलं, जाऊ द्या, काकूंचे गुडघे दुखतात, लसणाचं तेल कढवत असतील. बोलून वाईटपणा कशाला घ्यायचा? आम्ही गप्प बसलो आणि मी उदबत्ती लावली.

तिकडे, पोत्यांच्या पलीकडे, नेमकं हेच चाललं होतं. हे मला काकूंनी नंतर सांगितलं. सर सकाळी पूजेला बसले तेव्हापासून नाक वर करून होते. मॅडमच्या घरात लसूण, तोही आज. काकू म्हणाल्या, "गप बसा. सोमवारचं भांडान नको. ताईचं गुडघं दुखायलेत, तेल कढवलं असंल." आमच्या सासूबाईंचे गुडघे ठणठणीत होते. पण शेजारधर्माला एवढं कारण पुरतं. दोन्ही घरं सकाळपासून एकमेकांचा वास घेत, एकमेकांना मनातल्या मनात नावं ठेवत आणि मोठ्या मनाने माफ करत बसली होती. आम्ही इतके सभ्य होतो की त्यात आमचा जीव जायची वेळ आली होती.

वाचलो ते एकाच गोष्टीमुळे. सरांना गप्प बसता येत नव्हतं.

छत्री घेऊन ते आमच्या पायरीशी आले. "मॅडम, बोलू का नको असं व्हायलंय. पण आज सोमवार हाय. आन् लसूण?"

मी काही म्हणायच्या आत सासूबाई पुढे आल्या. सकाळपासून धरून ठेवलेलं सगळं त्यांनी सोडून दिलं. "सर, आमच्या घरात श्रावण लागल्यापासून लसणाची पाकळी आली न्हाई. वास तुमच्याकडून यायलाय. सकाळपासून यायलाय. आमीच तोंड दाबून बसलोत."

"आमच्याकडून?" सर थक्क झाले. "ताई, आमच्यात कांदा बी बंद हाय. तिला विचारा."

"मग आमी खोटं बोलायलोत व्हय?"

"मी कुठं तसं म्हणायलोय?"

मी मध्ये पडणार, तेवढ्यात सर बोलायचे थांबले. त्यांनी नाक वर करून एक श्वास घेतला, आणि मान वळवून मधल्या दाराकडे पाहिलं. तिथे कुलूप होतं. रविवारी दुपारी पोत्यांच्या शेठची माणसं आली होती, आत बराच वेळ काहीतरी करत होती. भुरभुरीने पोती ओली होतात म्हणून जाताना त्यांनी बाहेरच्या बाजूने पत्र्याखालची सगळी फट प्लास्टिकने बंद केली होती आणि कुलूप लावून निघून गेली होती.

"तुमच्यात न्हाई," सर हळू म्हणाले. "आमच्यात न्हाई. आन् मधी तर चूलच न्हाई."

त्यांच्या शब्दाला यापेक्षा चांगली जागा आयुष्यात मिळाली नसती. मी खरंच त्या वाक्याची वाट बघत होते आणि मनातून वैतागलेही होते. पण सरांनी तो शब्द उच्चारला नाही.

"लेकरू कुठं हाय?"

"झोपलंय."

"उठवा."

"आत्ताच झोपलंय सर. सकाळपासून उलट्या..."

सरांनी छत्री टाकली आणि चपला न काढता उंबरा ओलांडला. श्रावणी सोमवारी, देवघरावरून, चिखलाच्या चपलांनी. झोळीतून त्यांनी मुलीला उचललं आणि आमच्याकडे न बघता बाहेर, पावसात, रस्ता ओलांडून पिठाच्या गिरणीच्या पत्र्याखाली जाऊन उभे राहिले. तिथून ओरडले, "दोघीबी भायेर या. हाय तशा या. काय घेऊ नका." मग आपल्या घराकडे तोंड करून काकूंना तेच.

मी धावले. मला राग आला होता, भीती नंतर वाटली. मुलीच्या तोंडावर पावसाचे थेंब पडले होते आणि तरीही ती जागी झाली नव्हती. मी तिचे गाल चापटत तिला हाका मारायला लागले.

गिरणीवाल्याने शेठला फोन लावून दिला. शेठ कुठल्याशा महादेवाला गेले होते, मागून घंटांचा आवाज येत होता. सरांनी विचारलं, पोत्यात काय टाकलं? शेठ अगदी निवांत. "गोळ्या टाकल्यात सर, किड्याच्या. काल टाकल्यात. भ्यायचं काय काम न्हाई, चांगलं बंद करून घेतलंय. बाहेरनं प्लास्टिक मारलंय, कुलूप हाय."

"बाहेरनं मारलंय. आतनं?"

"आतनं तर भिंत हाय की सर."

"भिंत हाय," सर म्हणाले. "वर न्हाई."

पलीकडे घंटा वाजत राहिल्या. शेठ त्या खोलीत कितीतरी वेळा आले-गेले होते, पोत्यांवर बसून सरांशी भिंतीवरून गप्पाही मारल्या होत्या. पण माणूस खोलीत गेला की भिंत बघतो, भिंत कुठे संपते ते बघत नाही. धान्यातल्या गोळ्यांचा विषारी वायू डोळ्यांना दिसत नाही आणि वासाला लसणासारखा असतो. आमच्याकडे शेतीवाडीच्या घरात हे सगळ्यांना माहीत असतं. माहीत असूनही आम्ही सकाळपासून एकमेकांच्या गुडघ्यांची काळजी करत बसलो होतो.

गिरणीवाल्याच्या जीपमध्ये आम्ही बसलो. सर आले नाहीत. घराकडे कुणी फिरकू नये म्हणून ते रस्त्यातच उभे राहिले. परभणीच्या वाटेवर सासूबाई मुलीला मांडीवर घेऊन सारख्या हाका मारत होत्या. खिडक्या उघड्या, पाऊस आत येत होता. ताडकळस मागे पडलं आणि थोड्या वेळाने मुलीने डोळे उघडले, सासूबाईंच्या लुगड्यावर उलटी केली आणि भोकाड पसरलं. तिच्या रडण्याचा इतका आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता आणि नंतरही झाला नाही. सासूबाई म्हणाल्या, "रड माय, रड. लय रड." गिरणीवाला गाडी चालवता चालवता डोळे पुसत होता.

दवाखान्यात तिला ठेवून घेतलं. आम्हालाही तपासलं. नांदेडहून नवरा आला. डॉक्टरांनी सगळं विचारून घेतलं आणि शेवटी म्हणाले, वेळेवर बाहेर काढलं, आणखी झोपू दिलं असतं तर... आणि दुसऱ्या पेशंटकडे वळले. ते वाक्य मी कधीच पूर्ण करत नाही. दुसऱ्या दिवशी मुलगी चांगली खेळायला लागली, दूध प्यायली, नर्सच्या हातातला पेन ओढला. दुपारी आम्हाला सोडलं.

मला पुष्कळदा वाटतं की सर जरा बऱ्या रीतीचे, दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात नाक न खुपसणारे घरमालक असते, तर सगळं गाव त्यांना सज्जन म्हणालं असतं, आणि मी आज हे लिहीत बसले नसते. सभ्य माणसं मला आवडतात. पण शेजार म्हणाल तर मला सरांचाच हवा.

मागे गावात काय झालं ते काकूंनी सांगितलं. कृषी केंद्रातला माणूस तोंडाला फडकं बांधून आला, प्लास्टिक फाडलं, दारं उघडली. सर रस्त्यात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला मागे फिरवत होते. त्या दिवशी मात्र सरांचं सगळ्यांनी ऐकलं. शेठ आले आणि पाया पडायला लागले, तेव्हा सर त्यांच्यावर ओरडले नाहीत. "भिंत मी बांधली," एवढंच म्हणाले. उपास सोडायला काकूंनी बहिणीच्या घरून भात आणला, तो त्यांनी खाल्ला नाही. सकाळी गवंड्याला बोलावून त्यांनी विटा उतरवून घेतल्या. दोन्ही भिंती पत्र्याला टेकवायच्या. ज्यासाठी मी इतकं मागे लागले होते ते होत होतं आणि मला त्यात काडीचाही रस उरला नव्हता.

जीपमधून आम्ही उतरलो तेव्हा घराची सगळी दारं सताड उघडी होती. सर ओट्यावर उभे होते. कपाळावर भस्म नव्हतं. शर्ट पँटच्या बाहेर आलेला. आदल्या दिवशीपासून ते तिन्ही भागांत जाऊन कोपरा-कोपरा हुंगत होते, पोत्यांमागे, माझ्या डब्यांमध्ये, गादीखाली, असं काकू म्हणाल्या. कुणाच्याच नाकावर त्यांचा विश्वास नव्हता.

मी मुलीला त्यांच्यापुढे केलं. त्यांनी तिला घेतलं, तिच्या टाळूवर नाक टेकवलं आणि डोळे मिटून श्वास आत ओढला. मग कानामागे. मग मानेच्या वळीत. मग झबल्याच्या आत. नवरा, सासूबाई, काकू, गिरणीवाला, सगळे रस्त्यात थांबून बघत होतो. 

"कायबी न्हाई," सर म्हणाले. "नुस्ता दुधाचा वास हाय."

काकूंनी हात पुढे केले, "द्या हिकडं, दमलं असंल ते." सरांनी दिली नाही. तिला घेऊन ते ओट्यावर खाली बसले आणि मोठ्याने रडायला लागले, आणि ती त्यांच्या शर्टाचं बटण तोंडात घालून त्यांच्याकडे बघत राहिली.